नितळ पाण्याचा इतबार

पाण्याची पारख डोळ्यांनी करावी, हा मनुष्याचा फार जुना स्वभाव आहे. जे पाणी तळापर्यंत निवळ दिसते, ज्याला वास नाही, जे ओंजळीत घेतले असता हाताच्या रेषा स्पष्ट दिसतात, ते पाणी निर्धोक असलेच पाहिजे, ही समजूत मी माझ्या आजीकडून, मराठवाड्यातील एका कोरडवाहू गावच्या बारवेच्या पायऱ्यांवर बसून, वयाच्या आठव्या वर्षी घेतली. पुढे पस्तीसहून अधिक वर्षे गावोगावच्या तरुण मुलामुलींच्या सोबतीने पिण्याच्या पाण्याचे काम करताना जे काही शिकायला मिळाले, त्यातील बराच भाग ही समजूत मोडण्याचा होता. प्रथम माझ्या मनातली, आणि मग इतरांच्या मनातली. इतरांच्या मनातली त्या मानाने लवकर मोडली.

माझे आठवे वर्ष म्हणजे 1972 चा दुष्काळ. वडीलधारी माणसे खडी फोडायला जात, दुपारी सुकडी मिळे, आणि बारवेच्या तळाशी झिरपणारे पाणी वाटीवाटीने हंड्यात भरण्यासाठी बायका रात्रभर पाळी लावून बसत. त्याच सुमारास गावात विंधन यंत्र आले. काळ्या पाषाणाची राखी रंगाची धूळ घराघरांच्या धाब्यांवर बसली, दोन दिवस कानठळ्या बसवणारा आवाज चालला, आणि पाणी लागले तेव्हा माझ्या आजोबांनी डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेतला, तो देवळातही कधी काढीत नसत. चावडीपुढे उभा राहिलेला तो हापसा हे माझ्या बालपणीचे सर्वांत मोठे यंत्र होय. त्या काळचे ओतीव लोखंडाचे पंप मुळात एखाद्या कुटुंबाच्या वापराच्या अंदाजाने घडवलेले असल्यामुळे सगळ्या गावाचा भार त्यांना सोसत नसे; जालना आणि सोलापूर येथे ख्रिस्ती मिशनच्या कामातील मंडळींनी खपून अधिक टिकाऊ पंप घडवले, आणि त्या सोलापुरी घडणीच्या आधाराने पुढे ‘इंडिया मार्क टू’ हा पंप सिद्ध होऊन जगातील कितीतरी देशांत गेला, ही हकिकत मला पुष्कळ उशिरा कळली. आपल्या तहानलेल्या मुलखाने जगाला काही दिले आहे, हे कळल्यावर मनाला जे बरे वाटले ते आजही तसेच आहे.

शिक्षण संपवून 1986 साली मी एका स्वयंसेवी संस्थेच्या पाणी विभागात रुजू झालो, तेव्हा माझ्या कल्पनेत या कामाला एकच टोक होते: खडकातून पाणी वर काढणे. दरखास्त करावी, मंजुरी मिळवावी, जागा नक्की करावी, भोक पाडावे, हापसा बसवावा, हारतुरे व्हावेत आणि पुढच्या गावाची वाट धरावी. अशा एका गावी मी सात महिन्यांनी सहज म्हणून डोकावलो, तो हापशाच्या दांड्याला कुणी म्हैस बांधली होती. बायका पुन्हा ओढ्यातल्या झिऱ्यावर जात होत्या. चौकशी केली तेव्हा कळले की हापसा बसवल्यापासून चौथ्या महिन्यातच बंद पडला. पंचायतीने तालुक्याला कळवले, तालुक्याने जिल्ह्याला लिहिले, आणि दुरुस्तीची गाडी अजून आलेली नव्हती. मी तिथल्या तिथे रागावलो, गावाच्या अनास्थेवर चार शब्द बोललो. त्या वेळी पारावर बसलेला, दहावीत नापास होऊन घरी राहिलेला एक मुलगा उठून जवळ आला आणि अगदी शांतपणे म्हणाला, “साहेब, हे उघडायचं कसं, ते जाताना कुणाला दाखवलं होतं का तुम्ही?”

त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आठ दिवसांनी मी मिस्त्री आणि पान्हे घेऊन परत गेलो आणि त्या मुलासह गावातल्या सहा जणांनी मिळून तो हापसा उघडला. वरचे झाकण काढून साखळी सोडवायची, दांडा बाजूला घ्यायचा, मग पाईप शिकंज्यात घट्ट धरून एकेक तुकडा वर खेचायचा. एक तुकडा तीन मीटरांचा, आणि पाणी चाळीस मीटरांवर असेल तर असे पंधराएक तुकडे, आत सळई आणि पाण्याचे वजन. एका माणसाचा हात निसटला तर सगळी माळ बोअरच्या तळाशी जाते आणि गाव त्या बोअरला कायमचे मुकते, म्हणून शिकंजा धरणाऱ्याने बोलायचे नाही आणि इतरांनी त्याच्याशी बोलायचे नाही, असा शिरस्ता त्या दिवशी आपोआप पडला. शेवटी सिलिंडर वर आले. ते उघडून त्या मुलाने आतला चामड्याचा वायसर बाहेर काढला आणि तळहातावर ठेवून सगळ्यांना दाखवला. कडा झिजून कातरल्यासारख्या झाल्या होत्या. चहाच्या बशीत मावेल एवढ्या त्या चामड्याच्या तुकड्यासाठी साऱ्या गावाने तीन-चार महिने ओढ्याचे पाणी प्यायले होते, आणि त्या मुदतीत दोन लेकरे जुलाबाने दगावली होती. हे दुसरे मला त्याच दुपारी, पाईप पुन्हा आत सोडताना, त्याच मुलाने सांगितले.

त्या दिवसानंतर माझ्या कामाचे स्वरूप पालटले. पुढील वर्षांत मी विहिरी पाडण्यापेक्षा माणसे शोधली. आणि ती बहुतेक वेळा अशीच सापडली: परीक्षेत मागे पडलेली, नोकरीच्या वाटेवर थांबून राहिलेली, गावात ज्यांना ‘रिकामटेकडी’ म्हणत अशी अठरा ते पंचवीस वर्षांची मुले, आणि पुढे मुली. पुढारीपण हा शब्द आपल्याकडे फार स्वस्त झाला आहे. व्यासपीठ आणि माळ यांच्याशी त्याचा संबंध जुळला आहे. मी ज्यांना तरुण पुढारी म्हणतो त्यांच्यातील फारच थोड्यांनी आयुष्यात भाषण केले असेल.

त्या काळी मराठवाड्यात नारूचा उपद्रव होता. आजच्या वाचकाला तो रोग पाहायला मिळणार नाही, ही भाग्याची गोष्ट आहे. पाण्यातल्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या सूक्ष्म किड्यांच्या पोटातून नारूची अळी माणसाच्या पोटात जाते, आत जवळजवळ वर्षभर वाढते, आणि मग पायाच्या कातडीला फोड येऊन त्यातून दोरीसारखा हातभर लांब कृमी डोके काढतो. तो ओढून काढता येत नाही. तुटला तर पाय सुजून सडतो. काडीवर रोज बोटभर गुंडाळत गुंडाळत काही आठवडे घालवावे लागतात. आग होणारा तो पाय थंड पाण्यात बुडवावा, असे रोग्याला अनावर वाटते, आणि तो बारवेच्या पायऱ्या उतरून पाण्यात पाय सोडतो, त्याच क्षणी कृमी हजारो अळ्या पाण्यात टाकतो. म्हणजे जी बारव पूर्वजांनी पुण्यकर्म म्हणून बांधली, जिच्या पायऱ्या घडीव दगडाच्या, जिच्या कोनाड्यात देव, तीच रोगाचे घर होती. माझ्या आजीची बारव तशीच होती. पाणी आरशासारखे निवळ.

या रोगाला लस नव्हती आणि पोटातला कृमी मारणारे औषधही नव्हते. उपाय म्हणजे पाणी दुहेरी फडक्याने गाळून पिणे, पायऱ्या बंद करून वर रहाट बसवणे, आणि ज्याचा नारू बाहेर पडत आहे त्याला पाण्यात उतरू न देणे. एका गावी पायऱ्या बुजवण्याचा विषय निघताच गाव खवळले. माझ्याकडून तेथे मोठी चूक झाली. मी रोगाचे चित्र भिंतीवर लावून व्याख्यान दिले आणि बारवेला ‘घाण’ म्हटले. त्या शब्दाने माझे सगळे सांगणे फुकट गेले. ज्याने काम पुढे नेले तो त्याच गावचा एक एकवीस वर्षांचा तरुण होता. त्याच्या आईच्या टाचेत ऐन पेरणीत नारू निघाला होता आणि ती बांधावर बसून रडत असे, हे त्याने पाहिले होते. त्याने पायऱ्यांबद्दल एक अक्षर काढले नाही. गावात त्या वर्षी नारूची जितकी माणसे होती तितक्यांच्या घरी तो रोज सकाळी दोन घागरी पाणी नेऊन देऊ लागला आणि एवढेच म्हणू लागला, “तुम्ही बसा, बारवेवर मी जातो.” दुसऱ्या वर्षी त्या गावात नारूची माणसे मोजकीच राहिली. मग पायऱ्यांची गोष्ट गावानेच काढली. हिंदुस्थानातील नारूचा शेवटचा रोगी 1996 च्या जुलैत राजस्थानात नोंदला गेला आणि 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेने आपला देश नारूमुक्त म्हणून जाहीर केला. ते वर्तमानपत्रात वाचले त्या दिवशी मला त्या तरुणाच्या खांद्यावरची कावड आठवली.

लोकांची स्वतःची पाण्याची परीक्षा असते आणि ती उडवून लावण्यासारखी नसते, हेही मला याच मुलांनी शिकवले. ज्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजते, साबणाला फेस येतो, आणि जे प्यायल्यावर तहान भागल्यासारखी वाटते, ते चांगले पाणी. बोअरचे पाणी जड, त्यात डाळ बोटचेपी होत नाही, म्हणून हापसा दारात असूनही बायका स्वयंपाकासाठी आडाचे पाणी आणतात. आणि बाहेरून आलेला कार्यकर्ता याला अज्ञान म्हणतो. त्या बाईचे म्हणणे खरेच आहे. कठीण पाण्यात डाळ शिजत नाही आणि सरपण तिला डोक्यावरून आणावे लागते. तिच्या परीक्षेत जे सापडत नाही, तेवढे तिला दाखवले पाहिजे.

हे दाखवण्याचे सर्वांत सोपे साधन म्हणजे जंतूंच्या परीक्षेची छोटी काचेची बाटली. तीत खुणेपर्यंत पाणी भरून उबदार जागी ठेवायचे. पाण्यात विष्ठेतले जंतू असतील तर एकदोन दिवसांत ते शाईसारखे काळे पडते. एका गावात दोन विहिरी होत्या, एक गावाची आणि एक ओढ्यापलीकडच्या वस्तीची. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जे घडले त्याला साठ वर्षे उलटून गेली होती आणि कायदा केव्हाच झाला होता, तरी त्या गावात ओढ्याच्या पलीकडच्या माणसाचा पोहरा गावविहिरीत पडत नव्हता. गावविहिरीचे पाणी पवित्र आणि वस्तीचे दूषित, हा सर्वांचा निश्चय होता. माझ्या शिबिरात दोन्हीकडची चार-चार मुले होती. त्यांनी दोन्ही विहिरींच्या बाटल्या एकाच पत्र्याच्या डब्यात भरून, ऊब राहावी म्हणून एका घरच्या गव्हाच्या कोठीत पुरून ठेवल्या, आणि तिसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर सगळ्यांदेखत डबा उघडला. आठही बाटल्या काळ्या होत्या. कोणती कुठली, हे चिठ्ठी वाचल्याशिवाय सांगता येत नव्हते. पारावर बराच वेळ कुणी बोलले नाही. त्याने गावातला भेद मिटला असे मी म्हणणार नाही, कारण मिटला नाही. परंतु त्या पावसाळ्यात दोन्ही विहिरींत एकाच पोत्यातली पावडर, त्याच आठ मुलांच्या हातून पडू लागली, आणि पुढच्या उन्हाळ्यात वस्तीची विहीर आटली तेव्हा गावविहिरीच्या रहाटावर वस्तीतल्या कुणाचा हात कुणी धरला नाही. ज्या आठ जणांनी हे घडवले त्यांच्यातील दोघांना आपापल्या घरी मार खावा लागला होता. हे मला वर्षभर कळले नव्हते.

ब्लीचिंग पावडर टाकणे हे ऐकायला क्षुल्लक काम वाटते. पण मी शिकवलेल्या कामांपैकी अधिकांत अधिक चुका याच कामात होतात. पोते उघडे राहिले, उन्हात पडले, की तिच्यातला क्लोरीन उडून जातो आणि नुसता चुना उरतो. अशी मेलेली पावडर विहिरीत टाकून वहीत ‘शुद्धीकरण केले’ अशी नोंद होते. ताजी पावडर दर हजार लिटरला सुमारे पाच ग्रॅम लागते. मग विहिरीत पाणी किती, ते आधी काढायला हवे. मुली दोरीला दगड बांधून पाण्याची खोली मापीत, काठावरून व्यास मापीत, आणि मग व्यास गुणिले व्यास गुणिले खोली, सारे मीटरांत, गुणिले 785, म्हणजे लिटर. पाच मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असेल तर 58,875 लिटर, म्हणजे पाव किलोहून थोडी अधिक पावडर. ती बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतायचे, ती बादली दोराने विहिरीत सोडून वरखाली हलवायची, आणि अर्धा तास कुणाला पाणी शेंदू द्यायचे नाही. सकाळी सहा वाजता, रांगेत हंडे लागलेले असताना, अठरा वर्षांच्या मुलीने आपल्या काकूला, मामीला, सरपंचाच्या सुनेला ‘अर्धा तास थांबा’ म्हणून सांगणे, आणि ते रोज सांगणे, याला किती धैर्य लागते ते मी काठावर उभा राहून पाहिले आहे. अर्ध्या तासानंतर नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचे. फिकट पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे, पाणी निर्धोक. त्या पिवळ्या रंगाची मुलींना इतकी आवड जडली, की एकीने त्या रंगाची साडी घेऊन सख्यांना दाखवली होती.

आता जे लिहायचे आहे ते लिहिण्यासाठीच हा लेख आरंभला. 1994 साली संस्थेने मला यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागात, पांढरकवड्याच्या बाजूला, नव्या कामावर पाठवले. तेथे एका छोट्या गावात बायका पाऊण कोसावरच्या जुन्या विहिरीवरून पाणी आणीत. विहिरीचा कठडा ढासळलेला, पाणी गढूळ. मी मनावर घेऊन गावात खोल बोअर पाडून घेतला. पाणी मुबलक लागले, स्फटिकासारखे स्वच्छ लागले, आणि चवीला किंचित गोडसर. जंतूंची बाटली तीन वेळा भरून पाहिली, तिन्ही वेळा निवळच राहिली. माझ्या हातून झालेल्या चांगल्या कामांत मी या बोअरची गणना करीत असे आणि नव्या कार्यकर्त्यांना तो दाखवायला नेत असे.

बारा वर्षांनी त्याच गावची एक मुलगी माझ्या शिबिरात आली. बावीस वर्षांची, बारावी झालेली, अंगणवाडीत मदतनीस. शिबिर संपल्यावर सगळे गेले तरी ती थांबून राहिली आणि म्हणाली, “भाऊ, आमच्या गावचा बोअर कोणत्या साली झाला?” मी साल सांगितले, आवाजात थोडा अभिमान असणारच. ती दुसऱ्या दिवशी आपल्या धाकट्या भावाला घेऊन आली. अकरा वर्षांचा मुलगा. तिने त्याचा वरचा ओठ अंगठ्याने उचलला. पुढच्या दातांवर आडव्या तपकिरी पट्ट्या होत्या, खडूवर गंज चढावा तशा. मग तिने स्वतःचे दात दाखवले. ते स्वच्छ होते. तिने अंगणवाडी आणि शाळेतील सर्व मुलांची एक यादी केली होती, वहीच्या मधल्या पानांवर, घरवार आणि जन्मसालवार. ज्यांचे पक्के दात बोअर होण्यापूर्वी घडले त्यांचे दात चांगले. त्यानंतर जन्मलेल्या जवळजवळ प्रत्येक मुलाच्या दातांवर पट्ट्या. माझ्या बोअरची तारीख त्या गावाच्या लेकरांच्या दातांवर लिहिली गेली होती, आणि ती वाचायला बारावी झालेली मुलगी यावी लागली.

ते फ्लोराइड होते. ते खडकातून पाण्यात उतरते. त्याला रंग नाही, वास नाही. जंतूंची बाटली त्याला ओळखत नाही. पाणी उकळले तर ते जात नाही, उलट पाणी आटल्याने दाट होते. लिटरमागे दीड मिलिग्रॅम ही आपल्याकडची कमाल मर्यादा आहे. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेतून उत्तर आले तेव्हा त्या बोअरच्या पाण्यात मर्यादेच्या दुपटीहून अधिक फ्लोराइड होते. दातांवरचे डाग हे फक्त दर्शनी लक्षण. तेच पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले तर हाडे ताठ होतात, मान वळत नाही, पाठीला कायमचा बाक येतो. आणि यावर मागे फिरण्याचा उपाय नाही. त्या भागात जितके खोल जावे तितके फ्लोराइड अधिक आणि उथळ विहिरींत ते कमी, ही माहिती त्या वेळी उपलब्ध होती. मी विचारली नव्हती. पाणी नितळ होते, म्हणून मी पुढचा प्रश्न केला नाही.

ग्रामसभेत हे कुणी सांगायचे, यावर आम्ही दोघे बराच वेळ बोललो. ती म्हणाली, “मी सांगितलं तर लोक म्हणतील पोरीला काय कळतं. तुम्ही सांगितलं तर म्हणतील मग तेव्हाच का नाही सांगितलं. पण तुम्हीच सांगा.” मी उभा राहिलो आणि जे झाले ते जसेच्या तसे सांगितले, बोअर माझ्या आग्रहाने झाला, फ्लोराइडची तपासणी मी करायला हवी होती, केली नाही. सभेत आरडाओरडा होईल अशी माझी अपेक्षा होती. तो झाला नाही. एक म्हातारी एवढेच म्हणाली, “बारा वर्सं पाऊण कोस चालाचं वाचलं आमचं, ते काही खोटं नाही भाऊ. आता पुढं काय ते सांगा.” त्या वाक्याने मला जितके खाली बसवले तितके कुठल्याही शिवीने बसवले नसते.

पुढचे सगळे काम त्या मुलीचे आणि तिने जमवलेल्या नऊ-दहा जणांचे. त्यांनी हापशाला लाल रंग दिला. धुणे, भांडी, गुरे यांसाठी त्याचे पाणी चालेल, पिण्याला आणि रांधण्याला नाही. जुन्या विहिरीतला गाळ उन्हाळ्यात श्रमदानाने काढला, कठडा बांधला. आता पाणी पुन्हा पाऊण कोसावर गेले होते, आणि ज्या बायकांची ती पायपीट एकदा थांबली होती त्यांना ती पुन्हा करा असे सांगणे हे सर्वांत अवघड होते. मुलांनी एका बैलगाडीवर टाकी बसवली आणि असे ठरवले की ज्या घरात आठ वर्षांखालचे मूल किंवा गरोदर बाई असेल त्या घरी गाडी प्रथम जाईल. पहिल्या दोन महिन्यांत या क्रमावरून तीन भांडणे झाली, कारण पाटलाच्या वाड्यात तेव्हा लहान मूल नव्हते. क्रम बदलला नाही. त्या वर्षी पावसाळाभर तिने अंगणवाडीत तरोट्याची भाजी शिजवली आणि हिवाळ्यात आवळा दिला, कारण भाजीतला चुना, म्हणजे कॅल्शियम, आणि आंबट फळे फ्लोराइडचा जोर काहीसा कमी करतात असे तिने कुठे तरी वाचले होते आणि ते बरोबर होते. मध्यंतरी फ्लोराइड काढणाऱ्या गाळण्याही काही घरांत आल्या. त्यांतले द्रव्य ठरावीक मुदतीने धुवावे किंवा बदलावे लागते, ते झाले नाही, आणि दोन वर्षांत त्या गाळण्यांत धान्य साठू लागले. तीन वर्षांनी विहिरीपासून गावापर्यंत नळ आला.

पैशाची बाजू मी थोडक्यात सांगतो, कारण ती सर्वत्र एकसारखीच आहे. नळ आला की विजेचे बिल येते, पाणीपट्टीचा वसूल होत नाही, जोडणी तोडली जाते आणि योजना बंद पडते. बीड जिल्ह्यातल्या एका गावी समितीचा चिटणीस म्हणून चोवीस वर्षांच्या एका मुलाला नेमले, तेव्हा त्याच्या हाती मागील दफ्तर म्हणून एक रिकामी पावतीपुस्तिका आली. त्याने रोजकीर्द नव्याने सुरू केली आणि चावडीच्या भिंतीवर चुन्याने चौकट आखून दर महिन्याची जमा, खर्च आणि बाकीदारांची नावे खडूने लिहायला आरंभ केला. पहिल्या महिन्याच्या बाकीदारांत सर्वांत वर त्याच्या सख्ख्या चुलत्याचे नाव होते. चुलत्याने ते रात्री पुसले. सकाळी त्याने पुन्हा लिहिले. हे सोळा दिवस चालले. सतराव्या दिवशी चुलते पैसे घेऊन आले आणि ‘पावती दे’ म्हणाले, आणि त्याने उभे राहून दोन्ही हातांनी पावती दिली. तपशील एवढाच, परंतु त्या गावची योजना आजही चालू आहे, आणि त्याच्याच शेजारच्या, अधिक श्रीमंत गावची बंद आहे. मोठी उदाहरणे आपल्यापुढे आहेतच. हिवरे बाजारला 1989 साली पोपटराव पवार या तरुण पदवीधराला गावाने सरपंच केले आणि त्या गावाने शेतीसाठी बोअर न घेण्याचा नियम पाळून दाखवला, हे सर्वांना ठाऊक आहे. माझी मुले तेथे जाऊन आली की त्यांना एका वर्षात सगळे हवे असते. मी त्यांना तिथल्या टेकड्यांवरील चर पाहायला पुन्हा पाठवतो. एका हंगामात ते खणून झालेले नाहीत.

एक दुःख या कामात कायमचे आहे. ही मुले टिकत नाहीत. मुलगे पुण्याला, चाकणला, मुंबईला जातात. मुली लग्न होऊन दुसऱ्या गावी जातात. पूर्वी मला याचा फार त्रास होई. दोन वर्षे शिकवावे आणि उभे पीक कुणी कापून न्यावे तसे वाटे. ज्या मुलाने पहिला वायसर तळहातावर ठेवून दाखवला तो पुढे एका कारखान्यात गेला, आणि त्याच्या गावचा हापसा दोनदा बंद पडला. दोन्ही वेळा तो रजा काढून आला. तिसऱ्या वेळी आला नाही, कारण त्याच्या धाकट्या बहिणीने पाईप काढले होते. यवतमाळकडची ती मुलगी 2009 मध्ये लग्न होऊन पलीकडच्या तालुक्यात गेली. तेथे ती काय करते याची मी मुद्दाम चौकशी केली नाही. तिने आपल्या संसारात रमावे आणि माझ्या चुकीचा भार तिच्यावर कायमचा राहू नये, अशी माझी इच्छा होती.

आता जलजीवन मिशनमुळे 2019 पासून घरोघर नळ येत आहेत. माणशी रोज 55 लिटर पाणी मिळावे अशी योजना आहे, आणि पाणी तपासण्यासाठी गावोगाव पाच-पाच महिलांना शिकवून तपासणीचे साहित्य दिले जात आहे. त्या पाच जणी खरोखर तपासतात की पेटी कपाटात राहते, हे पाहण्यासाठी गेल्या वैशाखात मी यवतमाळकडच्या काही गावांत गेलो होतो. एका गावी दुपारी एक वाजता पोहोचलो. ऊन विलक्षण होते, एस. टी. फाट्यावर सोडून गेली, तेथून दीड मैल चाललो. पहिल्या घराच्या ओट्यावर टेकलो आणि पाणी मागितले. आतून एक पंधरा-सोळा वर्षांची मुलगी तांब्या घेऊन आली, आणि माझ्या हाती देता देता थबकली. “थांबा आजोबा,” ती म्हणाली, “आज सकाळी टाकी नवीन भरली आहे, माझं बघायचं राहिलं.”

ती आत गेली आणि दोन काचेच्या नळ्या घेऊन उंबऱ्यावर बसली. एका नळीत तिने थेंब टाकले आणि पाणी हळूहळू पिवळे झाले. दुसऱ्या नळीत वेगळे औषध घातले. ते पाणी गुलाबी झाले, आणि ती त्या गुलाबी रंगाकडे डोळे बारीक करून पाहत राहिली. “ह्या नळीत पिवळं झालं की चांगलं,” तिने मला समजावले, जसे एखाद्या अडाण्याला समजावावे, “आणि ह्या नळीत पिवळं झालं की वाईट. लोक नेहमी इथंच चुकतात.” हे तुला कुणी शिकवले, असे मी विचारले. दारातून येणाऱ्या उजेडाकडे नळी धरून तिने रंग पुठ्ठ्यावरच्या रंगांशी ताडून पाहिला आणि मान न वळवता म्हणाली, “काकूनं. तिच्या माहेरी एक बोअर होता.”

माझा घसा सुकला होता. तांब्या ओट्यावर, माझ्या हाताशी होता, आणि त्यातले पाणी अगदी नितळ दिसत होते. तिचे पाहून होईपर्यंत मी थांबलो.